एक्याऐंशी दिव्यांचं काजळ

औक्षण झालं, गुरुजी जेवून गेले, तरी एक्याऐंशी दिव्यांतले निम्मे अजून तेवत होते. मनोरमाबाईंनी त्यांतले दहाबारा ताटात घेऊन स्वयंपाकघर गाठलं आणि वर तांब्याचं ताम्हन उपडं धरलं. काजळी धरायला वेळ लागतो, आणि नवऱ्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी बाईजवळ वेळ असतो थोडाच! पण हे काम त्यांनी आजवर सुनेलासुद्धा करू दिलं नव्हतं. शिरधनकरांच्या घरात कार्य निघालं की हुंबाबा नाचलाच पाहिजे, आणि हुंबाबाचं काजळ मनोरमाबाईंच्याच हातचं पाहिजे.

हुंबाबा म्हणजे खुद्द आत्माराम शिरधनकर. फोर्टातल्या एका विमा कचेरीत पस्तीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या या माणसाने एकोणऐंशी साली सतरा दिवसांची रजा टाकून एका पिक्चरमध्ये काम केलं होतं. ‘मंगू निघाला दर्यावर’. मुलाबाळांना घेऊन बघायचा पिक्चर. मंगू नावाचा पोरगा गलबतातून भरकटत एका बेटावर पोचतो आणि तिथे हबशांचा राजा हुंबाबा त्याला पकडतो. सर्वांगाला काजळ, नाकात हाड, कमरेला सुतळीचा घागरा. तो घागरा मनोरमाबाईंनी गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून स्वतः विणला होता. पिक्चर चार आठवडे चालला आणि लोक विसरले, पण शिरधनकर विसरले नाहीत. बारसं असो, मुंज असो, लग्न असो, घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराच्या तोंडाला काजळ फासायचं, त्याला घागरा बांधायचा आणि सगळ्यांनी टाळ्या पिटत ‘हुंबाबा, हुंबाबा’ म्हणायचं. पोरगं नाचायला निघण्याआधी आत्माराम त्याला पुढ्यात उभं करून न्याहाळायचे आणि ओरडायचे, “कान राहिले!” मग स्वतःच्या बोटाने त्याच्या कानांना काजळ लावायचे. पिक्चरमध्ये मेकअपवाला त्यांचे कान रंगवायला विसरला होता ना, त्याची ही आठवण. जितेंद्र नाचला, संपदा नाचली, जितेंद्रचा अभिनव तर सलग चार वर्षं नाचला. जो नाचला तो घरातला, असा साधा हिशेब होता.

आता सगळ्यात धाकटी मनाली, संपदाची नऊ वर्षांची लेक. अकरा वर्षांपूर्वी संपदाने मंजुनाथ सिद्दीशी लग्न केलं आणि आत्मारामांनी तिला दार बंद केलं. गेल्या दिवाळीत ते उघडलं, तेही मनोरमाबाईंनी दोन दिवस अन्नाला शिवणार नाही म्हणून हट्ट धरला तेव्हा. नातीचं बारसं हुकलं, पहिला दात हुकला, सगळं हुकलं. म्हणून आज ताम्हनावरची काजळी खरवडताना त्यांचा हात जरा जास्तच उत्साहाने चालत होता. आज मनाली या घरात नाचली की ती शिरधनकरांची झाली. मग कुणाची काही बोलायची टाप नव्हती.

“आई, हे काय करतेयस?”

संपदा दारात उभी होती. मनोरमाबाई वाटीत खोबरेल तेलाचे चार थेंब सोडत होत्या.

“काय म्हणजे? काजळ. विसरलीस होय?”

“कोणासाठी?”

“घरात सगळ्यात लहान कोण आहे?” त्या हसून म्हणाल्या. “काळजी करू नको. एवढंसं लावेन. नावापुरतं.”

संपदाचा चेहरा बघता बघता बदलला. “नावापुरतं. म्हणजे तिला जास्त लागणारच नाही, असं ना?”

“अगं, काय बोलतेस हे! माझ्या मनातसुद्धा नव्हतं तसलं काही.”

आणि खरंच नव्हतं. पण लेक असं काही बोलेल हेही मनात नव्हतं, त्यामुळे मनोरमाबाई चिडल्या. “माहेरी येताना नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच निघतेस का गं? आज तुझ्या बाबांचा दिवस आहे. पाच वाजता खाली हॉलमध्ये साठ माणसं येतायत. गुमान राहा.”

संपदा गुमान राहिली नाही. ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली, आणि मनोरमाबाई काळ्या बोटांनीच तिच्यामागे धावल्या.

बाहेर आत्माराम गळ्यातला हार तसाच ठेवून कोचावर बसले होते. जितेंद्र प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळत होता. अभिनवने कुठल्याशा गोदामातून त्या पिक्चरची जुनी प्रत शोधून काढली होती, महिनाभर खपून कॉम्प्युटरवर साफ केली होती. आज ती सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायची, आजोबांना मखमली खुर्चीत बसवायचं आणि पडदा उठण्याआधी मनालीचा नाच, असा बेत होता.

“दादा, माझी मुलगी नाचणार नाही,” संपदा म्हणाली. “आणि तो पिक्चरही लावू नका.”

जितेंद्रने वर पाहिलं. “काय झालं आता?”

“अभिनवने लिंक पाठवली ती मी काल सगळी बघितली. पंचवीस-तीस वर्षांनी बघितली. तू बघितलीस का परत?”

“मला पाठ आहे तो पिक्चर.”

“मग शेवटचं गाणं सांग. मंगू राजाला डबक्यात बसवतो, काथ्याने घासतो, आणि बाबा गोरेपान होऊन बाहेर येतात. मग सगळे हबशी रांग लावतात, आम्हालाही धुवा म्हणून. आपण टाळ्या वाजवायचो, दादा. सगळ्यात जोरात मी वाजवायचे.”

“अगं, लहान मुलांचा पिक्चर आहे तो! गंमत असते. त्या वेळी कुणालाही वाईट वाटलं नाही.”

“कुणाला विचारलं होतं?”

“हे बघ संपदा,” जितेंद्रचा आवाज चढला, “मंजुनाथ काय आफ्रिकेतून आलाय का? कर्नाटकातल्या यल्लापूरचा सिद्दी आहे. कानडी बोलतो, कोकणी बोलतो, गणपती बसवतो. त्याचे कोण खापरपणजोबा कधी काळी जहाजातून आले असतील. त्याला का लागावं हे?”

“हे तू तुमच्या वॉचमनला सांग. दिवाळीला त्याने इंटरकॉमवर काय विचारलं होतं? ‘एक नायजेरियन आया है, ऊपर भेजूं क्या?’ जावई म्हणून आलेल्या माणसाकडे पासपोर्ट मागितला त्याने. याच भाईंदरमधल्या निम्म्या बिल्डिंगांच्या लिफ्टा मंजुनाथ चालू ठेवतो, आणि गेटवर पासपोर्ट! तो हसला. तो नेहमी हसतो. घरी गेल्यावर जेवला नाही.”

मनोरमाबाईंना ती दिवाळी आठवली. जावई फराळाला नको नको म्हणत होता, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपल्या हातचं त्याला आवडलं नसावं. चार दिवस त्या त्याबद्दल मनातल्या मनात धुसफुसल्या होत्या.

“आणि आजचं ऐक,” संपदा थांबायला तयार नव्हती. “सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही पिक्चरमधल्या नाचाचा तुकडा टाकलात ना? आत येताना दोन पोरं ‘हुंबाबा, हुंबाबा’ करत मनालीच्या मागे जिन्यापर्यंत आली. तिला वाटलं आपल्याशी खेळतायत. आता साठ माणसं आख्खा पिक्चर बघणार. म्हणजे उद्यापासून ती इथे आली की मागून हेच गाणं येणार. मग मी तिला इथे आणायची नाही. सरळ सांगते, नाही आणणार.”

अकरा वर्षं, आणि जेमतेम तीन महिन्यांचं येणंजाणं. ते आता या एका पिक्चरपायी तुटणार? मनोरमाबाईंना राग आला तोही लेकीचाच. “धमकी देतेस? आजच्या दिवशी? बापाच्या गळ्यातला हारही सुकला नाही अजून!”

“धमकी नाही, आई. आईपण आहे.”

अभिनव आतापर्यंत लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून होता. “आत्या, आपण सुरुवातीला एक पाटी टाकूया का? म्हणजे, हा जुना काळ होता, यातलं चित्रण आज चुकीचं वाटतं वगैरे. बाहेर असंच करतात.”

“पाटी?” जितेंद्र लेकावर उलटला. “आजोबांच्या सत्काराला आजोबा चुकले अशी पाटी? अक्कल आहे का? मग त्यांच्याच हातात धरायला दे ना ती पाटी!”

“पाटी नको,” रसिका म्हणाली. जितेंद्रची बायको इतका वेळ कोपऱ्यात लाडू पाकिटांत भरत होती. “पिक्चरच नको.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“सव्वीस वर्षं पडले नाही.” रसिकाने हात पदराला पुसले आणि ती सासूकडे वळली. “आई, मी माप ओलांडून या घरात आले, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? आठवतं? सगळा गोतावळा जमला होता. माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, चला, माझं काजळ वाचलं, हुंबाबाला शोभेल अशीच सून आणलीय. सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार होते मी त्या दिवशी?”

मनोरमाबाईंना आठवलं. चांगलं आठवलं. हसणाऱ्यांचे चेहरेसुद्धा आठवले. आत्ता स्वयंपाकघरात लेकीला ठणकावून सांगितलं होतं, माझ्या मनातसुद्धा तसलं काही नव्हतं. मग ते सव्वीस वर्षांपूर्वी कुणाच्या मनात होतं?

“गंमत केली असेल,” त्या पुटपुटल्या.

“हो. गंमतच होती,” रसिका म्हणाली. “रोज सकाळी आरशात दिसायची.”

तेव्हा आत्माराम उठले. एक्याऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा होता.

“झालं तुमचं? आता माझं ऐका. सतरा दिवस, पहाटे चारपासून! काजळ आणि तेल. अंगाची सालपटं निघाली होती. हिला विचारा, रात्रभर लोणी चोळायची. त्याआधी मला कोण ओळखत होतं? कचेरीत साहेब मला अहो, ते तुम्ही, असं म्हणायचा, नावसुद्धा माहीत नव्हतं त्याला. पिक्चर लागला आणि गिरगावात पोरं माझ्यामागे धावायला लागली. मी कुणाची टिंगल केली नाही. मी राजा होतो! आयुष्यात एकदा राजा झालो मी, आणि तुम्ही आज ते पुसायला निघालात? कोणासाठी?”

“तुमच्या नातीसाठी, बाबा.”

“नातीला काही झालेलं नाही! डोक्यात हे सगळं तू भरवतेस. तुझ्या नवऱ्याने तुझ्या डोक्यात भरवलं.”

“त्याला यातलं काहीही माहीत नाही. तो पाच वाजता तुमच्यासाठी शाल घेऊन येतोय. तुम्ही पिक्चरमध्ये राजा होतात एवढंच मी त्याला सांगितलंय. कोणता राजा, ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. लाज वाटली मला. तुमची लाज वाटली!”

आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीचं दार उघडून मनाली बाहेर आली.

तिने फ्रॉकवर तो जुना सुतळीचा घागरा बांधला नव्हता. डोक्याला आजोबांचा पंचा गुंडाळला होता, मंगू बांधतो तसा. आणि तोंडाला पावडर फासली होती. हलक्या हाताने नव्हे, चांगली थापून, भुवयांसकट. मान पांढरी, हनुवटी पांढरी, ओठही पांढरे. दोन्ही हात पसरून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली.

“मी मंगू!” ती आनंदाने म्हणाली. “मी हुंबाबा नाही होणार. हुंबाबा वेडा असतो. मंगू हिरो असतो.”

जितेंद्र फसकन हसला. त्याला ते आवरलंच नाही. पण त्याच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने हातातली वायर खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

मनाली आजोबांसमोर गेली. या घरची रीत तिला अभिनवने आठवडाभर शिकवली होती. तिने शहाण्या मुलीसारखी मान एका बाजूला कलती केली, केस मागे सारले आणि कान पुढे केला. पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या कडेला तिचा तो लहानसा काळा कान.

“आजोबा, कान राहिले ना? लावा.”

आत्मारामांचा हात सवयीने उठला. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांचे ओठ हलले, पण आयुष्यभर ज्या दोन शब्दांवर घर हसवलं ते दोन शब्द बाहेर आले नाहीत. मनोरमाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. क्षणभर त्यांना वाटलं की आता हे पोरीला जवळ घेतील.

पण आत्मारामांनी हात खाली घेतला आणि संपदाकडे बोट केलं. “शिकवून आणलंस! पोरीला पढवून, रंगवून आणलंस माझा तमाशा करायला!”

मनाली दचकली आणि मागे सरली. तिचा कान अजून तसाच पुढे होता. काय चुकलं ते तिला समजेना. “नीट नाही लागली का?” तिने विचारलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पावडरीतून ओघळलं.

“कुणी शिकवलं नाही तिला,” मनोरमाबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका मोठा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “मघाशी माझ्याकडे पावडरचा डबा मागितला. मीच दिला. मला वाटलं, नटायचं असेल.”

त्या पुढे झाल्या आणि त्यांनी मनालीची हनुवटी धरून चेहरा वर केला. हात काढला तर पांढऱ्या हनुवटीवर काळी बोटं उमटली होती. वाटीतलं काजळ. त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला.

“इतके दिवस मला वाटायचं, पोरं आनंदाने नाचतात,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, सत्तेचाळीस वर्षं मी हे काजळ केलं. अभिमानाने केलं. ही पोर आज आपल्याच घरात शिकली की राजा व्हायचं नसतं, पांढरं व्हायचं असतं. आपण शिकवलं. मी आणि तुम्ही. तो पिक्चर लावू नका.”

“तूसुद्धा?” आत्माराम म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता, आणि त्याचाही त्यांना राग आला. “साठ माणसं बसलीत खाली. जितेंद्र, प्रोजेक्टर घे. मी जाणार. माझा दिवस आहे.”

“बाबा, जरा…” जितेंद्र म्हणाला.

“घे म्हटलं ना!”

जितेंद्रने बायकोकडे बघितलं. रसिकाने नजर वळवली नाही, त्यामुळे त्यालाच वळवावी लागली. शेवटी त्याने प्रोजेक्टर उचलला. अभिनव मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन बसून राहिला. “पिक्चर यात आहे, पप्पा,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी नाही देणार.”

“माझ्या पेनड्राइव्हमध्येही आहे,” जितेंद्र म्हणाला आणि दाराकडे गेला.

दारात आत्माराम थांबले. पाठमोरेच म्हणाले, “मनोरमा, चल. दोन खुर्च्या मांडल्यात.”

पंचावन्न वर्षांत हा माणूस चल म्हणाला आणि त्या गेल्या नाहीत, असं कधी झालं नव्हतं. गिरगाव सोडून खाडीपलीकडच्या या भाईंदरला यायचं ठरलं तेव्हासुद्धा तो नुसता चल म्हणाला होता. संपदाला दार बंद केलं तेव्हा आत चल म्हणाला होता, आणि लेक जिन्यात रडत असताना त्या आत गेल्या होत्या. ते आठवून त्यांना नवऱ्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

“एक उचलायला सांगा,” त्या म्हणाल्या.

दार लागलं. खाली माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

संपदा मनालीच्या तोंडावरची पावडर ओल्या रुमालाने पुसत होती. पर्स खांद्याला लावलेली होती. फोनवर ती मंजुनाथला तुटक शब्दांत सांगत होती, “नको येऊस. आम्हीच येतोय. नंतर सांगते.”

“मीही येते,” मनोरमाबाई म्हणाल्या.

“कुठे?”

“तुझ्याकडे. मुर्ध्याला.”

संपदा बघतच राहिली. “आई, आज? अशी? लोक काय म्हणतील? बाबा…”

“तुझ्या बाबांचे चारशे फोटो काढलेत सकाळपासून, त्या सगळ्यांत मी आहे. आता नसले तर चालेल.” त्यांनी चपला घातल्या. “तुझं घर बघितलंय का गं मी कधी? अकरा वर्षांत? रसिका, गॅस बंद आहे ना बघ.”

रसिका म्हणाली, “आहे बंद. तुम्ही जा, आई.” मग थोडं थांबून म्हणाली, “उद्या मी येईन न्यायला.” सव्वीस वर्षांत ती सासूशी इतक्या सरळ आवाजात कधी बोलली नव्हती.

रिक्षा पूर्वेच्या नवघरातून निघून पुलावरून पश्चिमेला उतरली. मनोरमाबाईंच्या अंगावर भरजरी पैठणी, नाकात नथ, आणि शेजारी पंचा मांडीवर घेऊन बसलेली मनाली. संपदाचा राग ओसरला नव्हता, आणि तो इतक्यात ओसरावा असं मनोरमाबाईंनाही वाटत नव्हतं. मिठागरांच्या बाजूने खारट वारा आला. मनालीने विचारलं, “आजी, आजोबा माझ्यावर चिडले?” मनोरमाबाई म्हणाल्या, “तुझ्यावर नाही.” त्यापुढे त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. मंजुनाथ उंबऱ्यात उभा होता. कार्यासाठी घेतलेला नवा आकाशी शर्ट त्याने घातला होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मागे टेबलावर शालीचा खोका, वर लाल फीत. सासूला जिना चढून येताना बघून तो गोंधळला, मग नेहमीसारखा हसला.

“आई, तुम्ही? या ना, या. काय झालं? बाबांची तब्येत…”

“बरी आहे,” संपदा म्हणाली आणि चपला काढायला वाकली.

मंजुनाथ पुढे झाला, वाकला आणि त्याने मनोरमाबाईंच्या पायांना हात लावला. मोठ्या माणसाने घरात पाऊल टाकलं की हेच करायचं, एवढंच त्याला माहीत होतं. त्याचं दाट कुरळ्या केसांचं डोकं त्यांच्यापुढे झुकलं आणि आशीर्वादाची वाट बघत तसंच राहिलं.

मनोरमाबाईंनी उजवा हात उचलला. पदराने पुसूनही गेलं नव्हतं. तळव्याच्या रेघांत, नखांच्या कडांना, अंगठ्याच्या पेरावर ते काजळ तसंच होतं, त्याच्या लेकीच्या तोंडाला फासायला आज दुपारी त्यांनी हौसेने धरलेलं. हात त्याच्या डोक्यापासून वीतभर वर थांबला. त्यांना तो खाली आणवेना.

“मंजुनाथराव,” त्यांनी पहिल्यांदा जावयाला नावाने हाक मारली. “उठा. मला आधी हात धुवायचेत. मोरी कुठे आहे?”